मेजर आर्मस्ट्राँग आणि आपली लिफ्ट

बी-५०१: सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ द्यायचा आहे. चालू आहे. फक्त लिफ्ट सुरू झाली की खरखरतो.

ए-१०२: एफएम लागतं का हो?

बी-५०१: नाही, मिडियम आणि शॉर्ट वेव्हच.

सी-३०३: वहिनी, रेडिओत बिघाड नाही. मिडियम वेव्हवर आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमीजास्त होते. लिफ्टच्या मोटरची ठिणगी, आकाशातली वीज हीसुद्धा ताकदच हलवतात, म्हणून सगळं आवाजात मिसळतं. एफएममध्ये ताकद तीच ठेवून कंप्रता (फ्रिक्वेन्सी) हलवतात आणि वरखाली झालेली ताकद रेडिओ छाटून टाकतो. ही करामत एडविन आर्मस्ट्राँग यांची.

ए-२०४: काका, चंद्रावरचे?

सी-३०३: ते नील 😄 हे न्यूयॉर्कचे, जन्म १८९०. १९१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच त्यांनी व्हॉल्व्हमधून (सिग्नल वाढवणारी काचेची नळी) निघालेला सिग्नल थोडा परत आत सोडला. क्षीण सिग्नल कित्येक पटींनी वाढला. जास्त सोडला तर व्हॉल्व्ह स्वतःच शिट्टी मारू लागतो, म्हणजे प्रक्षेपकही (ट्रान्समीटर) तयार! पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैन्यात असताना सुपरहेटरोडाइन. कुठलंही स्टेशन लावा, आत आधी ते एका ठरावीक कंप्रतेवर आणायचं आणि तिथेच वाढवायचं. वहिनींचा रेडिओही बहुतेक त्याच पद्धतीचा.

सेक्रेटरी: उद्या टाकी सफाई. सकाळी पाणी भरून ठेवावे.

डी-४०२: माफ करा काका, पण तो सिग्नल परत सोडण्याचा शोध अमेरिकी संशोधक ली डी फॉरेस्ट यांचा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, १९३४.

सी-३०३: निकाल आहे, सर. पण इंजिनिअरांनी तो मानला नाही. याच शोधासाठी मिळालेलं पदक आर्मस्ट्राँग रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेला परत द्यायला गेले, संस्थेनं घेतलं नाही. ऑडियॉन नावाचा तो व्हॉल्व्ह डी फॉरेस्ट यांचाच, वाद नाही. तो नेमका कसा चालतो हे मात्र आर्मस्ट्राँग यांनी उलगडलं, असं माझं मत.

डी-४०२: मताला हरकत नाही 🙏

ए-२०४: आणि एफएम?

सी-३०३: १९२२ मध्ये कार्सन नावाच्या गणितज्ञानं कागदावर दाखवलं होतं की एफएममध्ये फायदा नाही. आर्मस्ट्राँग यांनी उलट वाट धरली, कंप्रतांचा पट्टा अरुंद करायच्या ऐवजी चांगला रुंद केला. १९३३ ला पेटंट, मग एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाचण्या. तिथली जागा आरसीए या बड्या रेडिओ कंपनीची. १९३५ मध्ये कंपनीनं त्यांना सामान हलवायला सांगितलं, तिला टेलिव्हिजनसाठी जागा हवी होती. मग पदरच्या पैशांनी न्यू जर्सीत अल्पाइनला ४०० फुटांहून उंच मनोरा उभारला.

ए-२०४: म्हणजे जिंकले?

सी-३०३: कुठलं! १९४५ मध्ये सरकारनं एफएमचा पट्टा वर, हल्लीच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झकडे सरकवला. लोकांच्या घरातले जुने एफएम सेट निकामी. पेटंटवरून १९४८ ला आरसीएवर दावा लावला, तो रेंगाळला. पैसा गेला, बायकोशी बिनसलं. जानेवारी १९५४ अखेर त्यांनी आत्महत्या केली.

बी-५०१: अरेरे.

ए-१०२: पत्नीचं काय झालं?

सी-३०३: मॅरियन. वर्षअखेरीस आरसीएनं तडजोड केली, दहा लाख डॉलरच्या वर दिले. पण बाईंनी बाकीच्या कंपन्यांना सोडलं नाही. शेवटचा खटला मोटोरोलाशी, १९६७ मध्ये जिंकल्या.

ए-१०२: तेरा वर्षं! 🙏

सी-३०३: हो. आणि लग्नाआधी त्या आरसीएच्या डेव्हिड सारनॉफ यांच्याच सेक्रेटरी होत्या.