पुणे-नागपूर दिवाळीचं स्वस्त विमान: खरंच मिळतं की नुसत्या गप्पा?

लोहगावचा शेजारी
गणपती उठले की आमच्या ऑफिसातली नागपूरकर मंडळी एकच विषय काढतात, दिवाळीचं तिकीट. आणि दरवर्षी तेच, ‘थांब जरा, उतरेल’. अरे नाही उतरत, थांबत बसणाऱ्याला महागच पडतं. मी आठ वर्षं पुणे-नागपूर करतोय, माझं म्हणणं सरळ आहे. स्वस्त तिकीट असतं, फक्त ते आपल्याला हव्या त्या दिवशी नसतं.

कसं चालतं बघा. विमानात समजा १८० सीटा आहेत, तर त्या सगळ्या एका भावाच्या नसतात, भावाचे टप्पे असतात, खालचा टप्पा संपला की वरचा उघडतो. मागच्या दिवाळीला आम्ही चौघं, बायको, दोन पोरं आणि मी. चार तिकिटं टाकली तर माणशी ६,८०० दाखवत होतं. सहज म्हणून दोनच टाकून बघितली तर ५,१००! म्हणजे खालच्या टप्प्यात दोन-तीनच सीटा उरलेल्या आणि चार मागितल्या की सिस्टीम चारही वरच्या भावाने देते. मग दोन ५,१०० ने आणि दोन ६,८०० ने अशी वेगवेगळी काढली, ३,४०० वाचले. पीएनआर, म्हणजे बुकिंग नंबर, दोन झाले, सीटा लांब लांब आल्या, धाकटा आईजवळ बसायचं म्हणून टेकऑफपर्यंत रडला, तेवढं सोसलं.

आणि दिवस. दोन महिने आधी काढा, मंगळवार-बुधवार बघा. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पुण्याहून आणि भाऊबीजेनंतरच्या रविवारी नागपूरहून, हे दोन सोडून काहीही बघा. लक्ष्मीपूजनाच्या सकाळचं बऱ्याचदा बरं मिळतं, कारण ज्यांना जायचं ते सगळे आधीच पोचलेले असतात.

वऱ्हाडी ठेचा
भाऊ ५,१०० ले तुम्ही स्वस्त म्हणून राहिले का? मी हिंजवडीत राहतो. पहाटेचं विमान म्हणजे साडेतीनला कॅब, गेल्या वेळी ९०० लागले. वर सीट निवडायचे पैसे, कन्व्हिनियन्स फी माणशी वेगळी, १५ किलोच्या वर बॅग गेली की किलोमागे पैसे आणि येताना घरून डबे भरून देतात ते काय १५ किलोत बसतात? मी एकदा काउंटरसमोर बॅग उघडून अनारशाचा डबा काढला आणि हातात धरून विमानात बसलो, आजूबाजूचे पाहून राहिले होते.

त्यापेक्षा वंदे भारत आहे ना, ऑगस्ट २०२५ पासून नागपूरच्या अजनीहून पुणे. बारा तास बसून कंबर मोडते पण भाव सकाळी एक अन् संध्याकाळी एक असं तर नाही. सरकारनं विमानाच्या भाड्यालेही मर्यादा घालाव, बाकी तुमच्या ट्रिका म्हणजे चोराच्या घरात चोरवाट शोधणं झालं.

आकडेमोड
ठेचाभाऊ, मर्यादा घालून झालेली आहे. लॉकडाऊननंतर मे २०२० मध्ये विमानं सुरू झाली तेव्हापासून ऑगस्ट २०२२ पर्यंत सरकारने किमान आणि कमाल दोन्ही भाडी ठरवून दिली होती. किमान ठरवल्यामुळे ज्याला स्वस्तात विकायचं त्यालाही विकता येत नव्हतं. नंतर डिसेंबर २०२५ मध्ये एकदम शेकडो विमानं रद्द झाली आणि भाव आभाळाला भिडले तेव्हा परत तात्पुरती मर्यादा आली, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,००० रुपये, कर सोडून. पुणे-नागपूर त्यातच बसतं. बारा हजार चालतील का तुम्हाला?

आणि खाजगी बसला एसटीच्या दीडपट भाड्याची मर्यादा २०१८ पासून आहेच की. दिवाळीच्या आठवड्यात स्लीपरचं भाडं बघून या आणि मला सांगा ती कुठे दिसते.

वऱ्हाडी ठेचा
मर्यादा पाळत नाहीत म्हणून मर्यादाच नको? हे म्हणजे सिग्नल तोडतात म्हणून सिग्नल काढून टाका.

खिडकीची सीट
ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये बघा, म्हणजे आधीचा सर्च साइटला दिसत नाही, तेच तिकीट सारखं सारखं सर्च केलं की वाढवतात.

लोहगावचा शेजारी
हे मी चार फोनवरून बसून बघितलंय, आईचा जुना फोन धरून. चारही ठिकाणी सारखाच भाव. तुम्ही परत बघेपर्यंत दुसऱ्या कोणीतरी सीट घेतलेली असते आणि टप्पा बदललेला असतो, एवढंच. इन्कॉग्निटोने काही बिघडत नाही, घडतही नाही.

रात्रपाळी
सगळं वाचलं. मी हॉस्पिटलात नर्स आहे. आमचा रोस्टर पंधरा दिवस आधी लागतो आणि दिवाळीची सुट्टी तर बोर्डावर नाव येईपर्यंत कोणाची नसते. तुम्ही म्हणता दोन महिने आधी काढा, मंगळवार बुधवार बघा. लॅपटॉप घेऊन नागपूरहून काम करणाऱ्याला मंगळवार चालतो, माझ्या मेट्रनला सांगा मंगळवार. रेल्वेचं तर नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे रोस्टर लागेपर्यंत वेटिंगच. मग मी शेवटच्या आठवड्यात मिळेल त्या भावाने काढते आणि इथे येऊन वाचते की महाग घेणारे आळशी असतात.

गेल्या वर्षी तर काढलेलं तिकीट ड्युटी बदलली म्हणून सोडून दिलं, सगळे पैसे बुडाले.

आकडेमोड
ताई, सगळे बुडत नाहीत. नॉन-रिफंडेबल असलं आणि तुम्ही गेलाच नाहीत तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाची युजर फी परत मागता येते, डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचा, तसा नियमच आहे. हजाराच्या आत-बाहेर असतील पण आपले आहेत. कंपनी आपणहून आठवण करून देईल अशी वाट मात्र बघू नका, साइटवर रिफंडचा फॉर्म शोधावा लागतो आणि तो अगदी कोपऱ्यात असतो.

रात्रपाळी
हे माहीत नव्हतं. बघते. पण मूळ मुद्दा तोच राहतो.

लोहगावचा शेजारी
राहतो, मान्य. आळशी मी म्हटलं नव्हतं पण वाक्याचा सूर तसा लागला असेल तर सॉरी. ज्याची सुट्टी त्याच्या हातात नाही त्याला यातलं फार काही लागू होत नाही.

पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. दिवाळीआधी पुण्याहून नागपूरला जाणारं विमान भरलेलं आणि तेच विमान नागपूरहून परत येताना अर्धं रिकामं. उलट दिशेचा भाव त्याच दिवशी कितीतरी कमी असतो. आई-बाबांनाच इकडे बोलवा की! जाणं येणं दोन्ही उलट्या गर्दीचं.

वऱ्हाडी ठेचा
ही बुद्धी पैशाची आहे, दिवाळीची नाही. मागच्या वर्षी विचारलं होतं मी घरी. माय म्हणे तुळशीपाशी दिवा कोण लावन, शेजारचे विचारतीन घर काऊन बंद. अन् नरक चतुर्दशीले इथं दहाव्या मजल्यावर उटणं लावून काय करणार, बाहेर पाहिलं तर समोरच्या टॉवरचे एसी.

खिडकीची सीट
आम्ही दोन वर्षं सासू-सासऱ्यांना आणतोय. पहिल्या वर्षी सासरे गप्प बसून होते, दुसऱ्या वर्षी सोसायटीच्या किल्ल्याच्या स्पर्धेत परीक्षक. सवयीचा भाग आहे. आणि घराची किल्ली समोरच्या काकूंना दिली की दिवा लागतो.

रात्रपाळी
हे मात्र माझ्या कामाचं आहे. मला सुट्टी नाही मिळाली तरी ते येऊ शकतात, त्यांना कुठे रोस्टर आहे.

वऱ्हाडी ठेचा
काल रात्री पाहिलं. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसाचं, मले जायले ७,४०० अन् त्यांना यायले ३,१००. मर्यादेवर माझं मत बदललं नाही हे आधी सांगून ठेवतो. घरी फोन केला. माय नाही म्हणाली नाही, बाबाले फोन देला. बाबा विचारून राहिले का चिवड्याचा डबा जवळ ठेवता येते की बॅगेत टाकावा लागते.

लोहगावचा शेजारी
चिवडा जवळ चालतो. लोणच्याची बरणी मात्र खालच्या बॅगेत, केबिनमध्ये अडवतात. आणि दोघांची सीट एकाच पीएनआरवर काढा, तिथे १,७०० वाचवायला जाऊ नका.