कोरोनात महाराष्ट्रात माणसं जास्त गेली की आपण जास्त मोजली?

पुणेरी_चष्मा: ऑफिसात एकजण परवा म्हणे तुमच्या महाराष्ट्राने कोरोनात देश बुडवला, आणि आपलेच दोघे माना डोलावतायत. मान्य, लोकसंख्येत आपण देशाच्या ९ टक्के आणि सरकारी कोविड मृत्यूंत २८ टक्क्यांच्या घरात, १ लाख ४८ हजारांच्या वर. बिहारची लोकसंख्या साधारण आपल्याएवढीच, तिथे जेमतेम १२ हजार. पण २०२१ च्या जून-जुलैत आयसीएमआरने लोकांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे लागण किंवा लस होऊन गेल्याची खूण, तपासली तेव्हा ती सापडलेले लोक मध्य प्रदेशात ७९ टक्के, बिहार ७५.९, महाराष्ट्र ५८, केरळ ४४.४. लसवाले धरूनसुद्धा लागण तिकडेच जास्त पसरलेली दिसते, लसीकरण तर बिहारमधे आपल्यापेक्षा कमी होतं. मग मेले फक्त आपलेच का? माझ्या मते हा फरक व्हायरसचा कमी आणि रजिस्टरचा जास्त आहे.

ठाणे_फास्ट: रजिस्टरवर सगळं ढकलू नका हो. बिहार तरुण आहे, २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे ७.४ टक्के, केरळात १२.६, आपण मधे. तरुणांना लागण झाली तरी मरतात कमी. शिवाय दुसरी लाट आधी आपल्यावर आदळली. आणि आपण काय हरिश्चंद्र नव्हतो, १६ जून २०२० ला एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू यादीत घुसवले ते विसरलात वाटतं.

पुणेरी_चष्मा: घुसवले म्हणजे शोधून घातले ना, तेच तर म्हणतोय! वयाने दुप्पट फरक पडेल, तिप्पट धरा, बारापट कसा? पाटणा हायकोर्टाने दट्ट्या लावला तेव्हा जून २०२१ मधे बिहारचा आकडा एका फटक्यात ५,४५८ वरून ९,४२९ झाला. गुजरात बघा, सरकारी मृत्यू १० हजारांच्या आसपास आणि कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या ५० हजारांच्या मदतीचे मंजूर दावे ६० हजारांच्या वर.

ठाणे_फास्ट: पैसे मिळणार म्हटलं की दावे वाढणारच, खोट्या दाव्यांची शंका आली म्हणून सुप्रीम कोर्टानेच मार्च २०२२ मधे चार राज्यांत ५ टक्के दावे तपासायला परवानगी दिली, त्यात गुजरातही होतं आणि आपणही.

वऱ्हाडी_ठेचा: तुम्ही दोघं राज्य राज्य काय करून राह्यले बे? मुंबईत १ फेब्रुवारी २०२१ ला लोकल सगळ्यांसाठी सुरू झाली, लोक खुश, आन त्याच महिन्यात आमची अमरावती पुन्हा लॉकडाऊनमधे. तवा मंत्रालयाला वाटे विदर्भाचं काहीतरी लोकल मॅटर आहे. आन मुंबई तरी एक कुठं, जुलै २०२० मधे तीन वॉर्डांत तपासलं तर झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना होऊन गेलेला, सोसायट्यांत १६. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन देश. राज्याची सरासरी काढून कोणाला काय समजते?

मांजराकाठ: वऱ्हाडी भाऊंशी सहमत. पण मोजणीचंही खरंय. आमच्या लातूरकडच्या गावात मे २०२१ मधे आजोबा घरीच गेले, चार दिवस ताप, दम लागत होता, टेस्ट नाही कारण तालुक्याला न्यायला गाडीच मिळेना. ग्रामसेवकाने मृत्यूचा दाखला दिला, त्यावर नाव, तारीख, ठिकाण सगळं आहे, कशाने गेले याचा रकानाच नसतो. नंतर मदतीचा फॉर्म भरायला गेलो तर म्हणे पॉझिटिव्ह रिपोर्ट आणा. त्याच महिन्यात आळीतली अजून तीन म्हातारी माणसं गेली, एकही कोविडमधे नाही. तेव्हा पुणेरी साहेब, महाराष्ट्राने मोजलं म्हणताना शहरांनी मोजलं म्हणा.

ठाणे_फास्ट: वाईट वाटलं वाचून. पण मग महाराष्ट्राचा खरा आकडा अजून वरच गेला की, म्हणजे माझंच बरोबर, इथे खरंच जास्त माणसं गेली.

पुणेरी_चष्मा: आणि जिथे मृत्यूची नुसती नोंदसुद्धा धड होत नव्हती त्या बिहारचा किती वर जाईल ते कोण धरणार? सगळीकडे सारखेच निसटले असते तर तुमचं ऐकलं असतं.

वऱ्हाडी_ठेचा: झालं, पुन्हा राज्यावर आले दोघं.