विषय: गिरगावातली जागा, नोव्हेंबर ते मार्च (आधारची अडचण)

प्रेषक: बापू

मंडळी,
परदेशातून येऊन पाच महिने गिरगावात भाड्याने राहायचं ठरवलंय, पण ठाकूरद्वारच्या जागेचं घोडं आधारवर अडलंय. मालक तयार, भाडं ठरलं, लिफ्ट चालू असल्याचं शोभाताईंनी स्वतः वर जाऊन पाहिलं. आता एजंट म्हणतो, लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, ऑनलाइन नोंदणी आधार आणि अंगठा लावूनच होते, आधार नसेल तर मालकाला घेऊन उपनिबंधकाच्या कचेरीत या. मालक ऐंशीच्या घरातले, ते खाली दूध आणायलाही उतरत नाहीत. माझ्याकडे ओसीआय, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड. ओसीआयवाल्याला आधार हवं तर आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात काढलेले पाहिजेत. म्हणजे राहायला जागा हवी तर आधी राहून दाखवा!

दुसरं, अण्णांची मुगभाटातली खोली बंदच आहे. मागच्या कोजागिरीला ते "किल्ली घेऊन जा" म्हणाले होते. ते अजून लागू आहे का? तिकिटं काढायची आहेत, शुक्रवारपर्यंत कळवा.

प्रेषक: अण्णा

बापू, ते दोन-चार दिवसांच्या मुक्कामाबद्दल होतं. पाच महिने म्हणजे बिऱ्हाड झालं. खोली पागडीची, म्हणजे मालकीची नाही, जुन्या भाडेकरू हक्काची, भाडेपावती अजून आईच्या नावावर, आणि मालकाचा मुलगा जिन्याखालीच बसून असतो. तुम्ही बॅगा घेऊन वर चढलात की दुसऱ्या दिवशी मला नोटीस. पोटभाडेकरू ठेवला म्हणून लोकांच्या जागा गेल्यात. मैत्री आपल्या जागी, खोली आपल्या जागी.

प्रेषक: खजिनदार

ही ईमेल-यादी कोजागिरीच्या हॉलसाठी आहे याची नम्र आठवण. अनामत अजून निम्म्याच लोकांची आलीय. जागांची चर्चा वेगळी करावी.

प्रेषक: वैजू

खजिनदार, अनामत पाठवते, पण हे आधी बोलू द्या.

अण्णा, पाहुणा म्हणून कुणी राहणं वेगळं आणि खोलीचा ताबा देऊन पैसे घेणं वेगळं. बापू पाच महिने तिथे एकटेच, तुम्ही इकडे, म्हणजे ताबा दिल्यासारखंच दिसणार. तेव्हा तुमचा नकार बरोबर. पण तुमचं कुलूप मला त्याहून धोक्याचं वाटतं. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 16 वाचा. सबळ कारण नसताना जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर तेवढ्यावर मालक ती परत मागू शकतो. आणि वापर नाही हे सिद्ध करायला त्याला फार काही करावं लागत नाही. बेस्टची वीजबिलं काढली की झालं. दर महिन्याला युनिट शून्य, स्थिर आकार तेवढा भरलेला. मुलगा जिन्याखाली उगाच बसत नसेल.

पावती आईंच्या नावावर ठेवलीत हेही बरं नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांच्यासोबत खोलीत कोण राहत होतं, हा प्रश्न आज ना उद्या येणारच. उत्तर तयार ठेवा.

प्रेषक: अण्णा

घरभाडं मी चेकने वेळच्या वेळी भरतो. मालक चेक वटवतो. खोली सोडलेली नाही. एवढंच सांगतो.

प्रेषक: माटुंगेकर

मला मूळ मुद्दाच कळत नाही. सत्तरीत गिरगाव कशाला? दादर-माटुंग्याला या. रुंद रस्ते, झाडं, फुटपाथवरून चालता येतं. 1898ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला तो प्लेगनंतर, जुन्या वस्तीतली दाटी सोडून माणसांनी मोकळ्यावर राहावं म्हणून. सव्वाशे वर्षांनी बापू उलट्या दिशेने निघालेत. नाटकं शिवाजी मंदिरला, फिरायला शिवाजी पार्क. आणखी काय लागतं?

प्रेषक: शोभाताई

माटुंगेकर, तुमच्या रुंद रस्त्यांवरून तुम्ही औषधाच्या दुकानापर्यंत गाडीने जाता, मी पाहिलंय. सार्वजनिक गणपतीचं मूळ शोधायला लोक आजही केशवजी नाईकांच्या चाळीतच येतात, 1893 पासूनचा उत्सव आहे. असो.

बापू, परत येऊन इथेच राहते म्हणून सांगते. एजंट सांगणार नाही ते आधी. त्या इमारतीत लिफ्ट आहे, पण ती रस्त्याच्या पातळीपासून नाही. खालच्या सहा पायऱ्या चढाव्याच लागतात, कठडा एकाच बाजूला. तुमचा गुडघा उजवा की डावा ते बघून घ्या. पाणी पहाटे येतं. टाकीचं कनेक्शन आहे तरी मोरीत एक पिंप भरून ठेवायची सवय ठेवा. पुढच्या खोलीच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात. पाडव्याला फडके गणपतीपासून शोभायात्रा निघते त्या दिवशी ढोल छातीत वाजतो. तो चालत असेल तर पुढची खोली बैठकीची, नाहीतर झोपायला मागची घ्या.

बाकी सगळं चालत. भाजी, बँक, डॉक्टर, दळण, पंचांग. विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाऊन चौपाटीपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. दुपारी चार वाजता एकटीने बाहेर पडले तरी ओळखीची निदान दोन माणसं भेटतात, त्यातलं एक थांबवून तब्येत विचारतं. दुसरं भिशीची आठवण करून देतं. आता मेट्रो 3चं स्टेशन थेट गिरगावात आहे. 2025च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली तेव्हापासून माझी बहीण सीप्झहून जेवायला येते आणि मालिका सुरू व्हायच्या आत घरी पोचते. पूर्वी ती वर्षातून गणपतीलाच यायची.

प्रेषक: बंडू

शोभाताईंचं वाचून मला इथल्या डाउनटाउनचं हसू आलं. मी गेली दोन वर्षं इथे राहतोय. ऑफिसं सुटली की रस्ता रिकामा, कॉफीची दुकानंही बंद. शनिवारी ब्रेड आणायचा तर गाडी काढून हायवेवरच्या मॉलला. भाडं मात्र "सगळं चालत्या अंतरावर" म्हणून घेतात.

मेट्रोचं खरं की विमानतळाच्या टी 2पासून सरळ गिरगाव? मग बापूंना टॅक्सीही नको.

प्रेषक: माटुंगेकर

आपली विमानं कधी उतरतात ते आठवा. रात्री दीडला मेट्रो कुठली? आणि दिवसा उतरलात तरी मेतकूट, लोणची, मुलांची जुनी पुस्तकं भरलेल्या बॅगा सरकत्या जिन्यावर कोण धरणार?

प्रेषक: बंडू

मेतकूट इथून तिकडे कोण नेतं?

प्रेषक: माटुंगेकर

परतीचं म्हणत होतो.

प्रेषक: बापू

मंडळी, आधार! शुक्रवार जवळ आला.

प्रेषक: वैजू

बापू, वहिनींचा पासपोर्ट भारतीयच आहे ना? भारतीय पासपोर्टवर अनिवासी असलं तरी 182 दिवस थांबावं लागत नाही, आणि माझ्या आठवणीप्रमाणे त्यांनी मागच्या खेपेला आधार काढलंय. करार त्यांच्या नावावर करा. तुम्ही कुटुंबातले म्हणून करारात नाव घाला. मुद्रांक शुल्क भाड्याच्या 0.25 टक्के, अनामतीवरचं धरलेलं व्याजही त्यात मोजतात. मुंबईत नोंदणी फी 1000 रुपये. एजंट याहून जास्त मागेल ती त्याची मजुरी, तेवढी विचारून घ्या. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, म्हणून नोंदणी टाळू नका, "साध्या कागदावर करू" म्हणाले तर उठून या. पोलिसांना कळवायचं काम मालकाकडून करून घ्या आणि पोचपावतीची प्रत ठेवा.

प्रेषक: बापू

तिच्या नावावर म्हणजे घरमालकाशी बोलणी तिची, एजंटचे फोन तिला. तिला त्रास नको म्हणून मी हे सगळं अंगावर घेतलंय.

प्रेषक: वहिनी

मी ही यादी वाचते, कुणाच्या लक्षात नसलं तरी. मला कुणी विचारलं नाही म्हणून लिहिते. आधार माझ्याकडे आहे, मोबाइल नंबर जोडलेला आहे. करार माझ्या नावावर. झोपायला मागची खोली. अनामत किती आणि परत कधी हे मी एजंटला काल रात्रीच विचारलं, तो "साहेबांना विचारतो" म्हणाला. मी सांगितलं, साहेब आता रजेवर आहेत.

शोभाताई, दळणाची गिरणी अजून कांदेवाडीच्या तोंडाशी आहे का? नसेल तर ज्वारी कुठे दळून मिळेल?

प्रेषक: शोभाताई

गिरणी मला तरी आता तिथे दिसत नाही. माझं दळण जिथे जातं तिथे मी घेऊन जाईन. सोमवार सोडून कधीही.

प्रेषक: खजिनदार

वहिनी, तुमची कोजागिरीची अनामत मिळाली, धन्यवाद. बापूंची नाही.

प्रेषक: अण्णा

वहिनी, तुम्ही ठाकूरद्वारलाच असणार, मुगभाट पाच मिनिटांवर. आठवड्यातून दोनदा जाऊन खोलीत दिवा-पंखा लावून ठेवाल का? म्हणजे बिलात थोडी युनिट दिसतील. किल्ली कुरिअरने पाठवतो.

प्रेषक: वैजू

अण्णा, नको. शेजारी साक्षीला आले तर पंखा फिरत होता आणि माणूस नव्हतं एवढंच सांगतील, वर वहिनी उगाच त्यात ओढल्या जातील. तुम्ही स्वतः जानेवारीत या, दोन महिने राहा, गॅस घ्या, दूधवाला लावा, पावती नावावर करून देण्याचं पत्र मालकाला रजिस्टर पोस्टाने टाका. मालक हस्तांतराचे पैसे मागेल. भाव ऐकून लगेच परत फिरू नका, आकडा मला कळवा.

प्रेषक: अण्णा

जानेवारीत इथे नातवाची मुंज आहे. फेब्रुवारी बघतो. बापू, ठाकूरद्वारच्या जागेत तिसरी खाट मावते का?