२ नंतर ४ नाही, २.८ का?

प्रश्न असा की कॅमेऱ्याच्या लेन्सवर एफ/२ वरून एफ/४ वर गेलं तर उजेड निम्मा व्हायला हवा, मग चौथाई का होतो? आणि मधलं २.८ कुठून उपटलं? मीही यात बरेच दिवस अडकलो होतो.

एफ-नंबर म्हणजे फोकल लेंग्थ (लेन्सचं नाभीय अंतर, मिमीमध्ये) भागिले लेन्समधल्या उजेड येण्याच्या छिद्राचा व्यास. ५० मिमीच्या लेन्सला एफ/२ वर छिद्र २५ मिमीचं, एफ/४ वर साडेबाराचं. व्यास निम्मा झाला, पण उजेड येतो क्षेत्रफळातून. तेवढ्याच जाडीची भाकरी निम्म्या व्यासाची थापली तर पीठ पावपटच लागतं ना, तसंच. उजेड निम्माच करायचा तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण १.४ ने भागायचं. म्हणजे एफ-नंबर दर वेळी १.४ पटीने वाढतो, म्हणून १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. पाठ करू नका, एक आड एक आकडा दुप्पट होतो (११ हा ५.६ ची दुप्पट, जरा गोल केलेली). जुनी मॅन्युअल लेन्स असेल तर खिडकीकडे धरून रिंग फिरवा, छिद्राची पाती मिटताना दिसतात.

मागच्या दिवाळीत आकाशकंदील मी हट्टाने एफ/८ वर टिपला. शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) गेलं पाव सेकंदावर, आणि वाऱ्यावर हलणाऱ्या झिरमिळ्यांचा नुसता धूर झाला. एफ/२ केल्यावर चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) मिळाले, शटर १/६० सेकंदावर आलं आणि झिरमिळ्या सुट्या दिसायला लागल्या. मागच्या माळेचे दिवे मात्र गोल गोल पसरले. मला ते आवडले, बायकोला नाही.