मदत हवी आहे: नव्या वर्षाचा आराखडा द्यायचाय, कामाला माणसं कुठून आणू?

यवतेश्वर_घाट:
जाणकारांनी जरा पटकन सांगा. यंदा आमच्या संघटनेचं सातारा-सांगलीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वर्षभराचा आराखडा रविवारपर्यंत पुण्याला पाठवायचाय. कार्यक्रम ढीगभर सुचतात, पण करणार कोण? ग्रुपवर विचारलं की अंगठ्यांचा पाऊस, नंतर फोन उचलायला कुणी नाही. गेल्या वर्षीची एक्सेल उघडली, तर 'जबाबदारी'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: 'सर्व'. स्वयंसेवक मिळवायचे कसे? "लोकांत आवड निर्माण करा" हे कृपया सांगू नका.

निवांत_मिरज:
कसली संघटना? सभासद किती? त्यातले गावात राहणारे किती? पैसे आहेत का? काहीच सांगायचं नाही आणि वर पटकन सांगा म्हणे.

यवतेश्वर_घाट:
टेक्निकल रायटर्सची. यंत्राबरोबर येणारं मॅन्युअल, सॉफ्टवेअरची हेल्प लिहिणारे आम्ही. यादीत चाळीसेक नावं, त्यातली निम्मी हिंजवडी-खराडीत. बाकीचे घरून काम करतात, दोघं-तिघं कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांत आहेत. पैसे चहा-नाश्त्यापुरते. झालं?

ठराव_मंजूर:
आधी नोंदणी करून घ्या. किमान सात जण जमवा, १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवा, आपल्याकडे त्याबरोबर १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. मग बँकेत खातं, पावती पुस्तक, इतिवृत्त. पद मिळालं की माणूस आपोआप काम करतो. मी सहकारातल्या संस्थांत आयुष्य घालवलंय.

निवांत_मिरज:
काका, त्यांना रविवारपर्यंत आराखडा द्यायचाय! पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, दरवर्षी हिशेब, ते कोण करणार? माणसं नाहीत हीच तर तक्रार आहे.

ठराव_मंजूर:
शिस्त नको असेल तर राहू द्या.

डॉक्स_अँड_भडंग:
नोंदणीने संस्था तगत असती तर अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन बुडाली नसती. सत्तर वर्षांहून जुनी, भारतातही तिचा चॅप्टर म्हणजे शाखा होती. जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून बंद. उलट राइट द डॉक्स बघा, आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांचाच जगभरचा ग्रुप. २०१३ पासून चाललंय, सभासद फी नाही, ज्याला जिथे वाटेल तिथे भेटी ठरवतो. आराखडाबिराखडा सोडा, महिन्याला एकदा चहाला भेटा.

वाठारची_गाडी:
अर्धवट सांगू नका. ती पैशांमुळे बंद पडली, सभासद घटत गेले म्हणून. तिचे चॅप्टर तर स्वयंसेवकांनीच चालवले होते. आणि नुसत्या चहाला पहिल्या महिन्यात बारा जण येतात, तिसऱ्या महिन्यात दोघं. तेही एकमेकांचे शेजारी.

एआय_भक्त:
सगळं आता एआय लिहितो. संघटना कशाला हवी?

यवतेश्वर_घाट:
हे मी विचारलेलं नाही.

कृष्णाकाठची_मृणाल:
मी पुण्यात अशाच ग्रुपचं काम बरीच वर्षं पाहिलंय. "वर्षभर समन्वयक होशील का?" म्हटलं की माणूस पळतो. "फेब्रुवारीच्या कार्यक्रमाचा नावनोंदणीचा फॉर्म तू कर, दोन तासांचं काम आहे" म्हटलं की हो म्हणतो. तेही ग्रुपवर नाही, फोन करून, नाव घेऊन. आणि कामाला शेवट हवा. मे महिन्यात सुटका आहे हे दिसलं तरच जानेवारीत माणूस हात वर करतो. आणखी एक, नव्या माणसाला एकटं सोडू नका. प्रत्येक कामाला दोन नावं लावा, एक जुनं, एक नवं.

निवांत_मिरज:
याला +१. आणि जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत प्रत्यक्ष काही ठेवू नका. २०१९, २०२१ विसरलात का? सगळे आयर्विन पुलाची पातळी बघत बसतात, तुमचं स्टाइल गाइड, लेखनाचे नियम कोण ऐकतो.

वाठारची_गाडी:
मार्चमध्येही नको, रिलीज आणि अप्रेझल असतात. मग कराडला घ्या ना सगळं, दोघांना मधलं.

डॉक्स_अँड_भडंग:
कराडला कशाला? सहापदरीच्या कामात अडकायला? सांगलीला या, येताना कंदी पेढे आणा.

वाठारची_गाडी:
पेढे आम्ही आणायचे, आणि तुम्ही भडंगाची पुडी फिरवणार. वा!

यवतेश्वर_घाट:
अहो, आराखडा! फोनचं पटलं. पण विषय काय सांगून बोलावू? गेल्या वर्षी 'लेखनाचं भविष्य' ठेवलं, हॉलमध्ये वक्ता आणि मीच.

कृष्णाकाठची_मृणाल:
तुमच्या भागात यंत्रं बनतात, तोच विषय घ्या की. युरोपचा नवा यंत्रसामग्री नियम, २०२३/१२३०, २० जानेवारी २०२७ पासून लागू होतोय. त्यात सूचना-पुस्तिका डिजिटल देता येते. पण ग्राहकाने खरेदी करताना कागदावर मागितली तर महिन्याच्या आत फुकट द्यायची, आणि यंत्र घरगुती वापरणाऱ्याच्या हाती पडणार असेल तर सुरक्षेची माहिती कागदावरच हवी. तिकडे माल पाठवणाऱ्याला हे लागणारच. कुपवाडमधल्या तुमच्या दोघा-तिघांना पुढे करा. कारखान्याची ट्रेनिंग रूम फुकट मिळेल, प्रॉडक्शनवाले ऐकायलाही बसतील.

ठराव_मंजूर:
पाहुण्यांना पत्र लेटरहेडवरच द्यावं लागेल. म्हणून म्हणतोय नोंदणी.

डॉक्स_अँड_भडंग:
वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना घ्या, सांगलीत विश्रामबागेतच आहेत. प्रत्येक कामाला जे दुसरं, नवं नाव हवंय ते त्यांचं लावा.

वाठारची_गाडी:
परीक्षा आल्या की पोरं गायब. त्यांना एकच दिवसाचं काम द्या.

यवतेश्वर_घाट:
आज बसून फोन केले. कुपवाडमधली बाई "दोन तासच ना?" असं तीनदा विचारून तयार झाली. हिंजवडीतला एक जण फॉर्म करतोय, त्याला गावी न येता करता येईल असंच काम हवं होतं. बारा ओळींची शीट चारवर आणली: फेब्रुवारीत कुपवाडला यंत्राच्या मॅन्युअलचा कार्यक्रम, एप्रिलमध्ये साताऱ्यात मार्कडाउनचा (साध्या खुणा टाकून मजकूर मांडायची पद्धत) सराव, जूनमध्ये ऑनलाइन, नोव्हेंबरमध्ये कराड. एप्रिलच्या ओळीत अजून एकच नाव आहे, माझं. दुसरं मिळालं नाही तर ती ओळ उडवणार. पुणेकर "एवढंच?" म्हणाले, म्हणू देत.

हळद_सौदा:
धागा उशिरा वाचला. भाच्याचं बीए झालंय, इंग्रजी चांगलं आहे. यात नोकरी लागेल का?

कृष्णाकाठची_मृणाल:
नुसत्या इंग्रजीवर नाही. घरातल्या मोटरपंपाची किंवा मोबाइलच्या एखाद्या अ‍ॅपची चार पानी सूचना-पुस्तिका त्याच्याकडून लिहून घ्या, चित्रांसकट. मुलाखतीत असे नमुनेच बघतात.

यवतेश्वर_घाट:
भाचा साताऱ्याचा आहे का? एप्रिलला रिकामा असेल तर नंबर खासगी निरोपात पाठवा.