ईस्टरच्या आधी मुलांसोबत घरी काय करता?

प्रेषक: दोन मुलांची आई, लेस्टर

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या जेवणाच्या याद्या चालू असताना मध्येच हा विषय काढते आहे. माझं माहेर वसईचं, सासर पुण्याचं. यंदा पाडवा १९ मार्चला आणि ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे मध्ये जेमतेम अडीच आठवडे. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. ईस्टर म्हटलं की त्यांना ससा आणि चॉकलेटची अंडी एवढंच ठाऊक. परवा आईने फोनवर धाकट्याला विचारलं, "झावळ्यांचा रविवार कधी रे?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला फार लागलं ते. चित्रं रंगवायला देऊन पाहिली, पाच मिनिटांत उठतात. हातांनी करता येईल आणि करता करता मराठीत बोलता येईल असं काही सांगाल का?

---

प्रेषक: वसईची मावशी, हॅरो

बाळा, आईला सांग, २९ मार्चला. त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे जातात, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवू नकोस.

मी बरीच वर्षं चर्चमध्ये मुलांना शिकवलं. सगळं बायबल सांगायला जाऊ नकोस. तो एक आठवडा धर आणि तो घरातच घडू दे.

आधी बाग. २२ तारखेला एका पसरट ट्रेमध्ये माती भर आणि हळीव पेर. इथे क्रेस म्हणून मिळतं ते आपलं हळीवच. भिजवलं की बुळबुळीत होतं, म्हणून ओल्या मातीवर कोरडंच पसर आणि रोज नुसतं पाणी शिंपड. आठवड्यात हिरवंगार होतं. मातीची लहान कुंडी आडवी रोवायची, ती येशूची कबर. तिच्या तोंडाशी बसेल असा दगड मुलांनीच शोधायचा. अख्खी दुपार गेली तरी जाऊ दे.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे येशू यरुशलेमात आला त्या दिवशी, दारापासून आतपर्यंत घरातल्या ओढण्या, शाली अंथरा आणि "होसान्ना" ओरडत चाला. त्याचा मूळ अर्थ "आम्हांला तार", हे सांगायला विसरू नकोस. चर्चमधून आणलेली झावळी जपून ठेव. पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारची राख अशाच झावळ्या जाळून करतात.

गुरुवारी, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या दिवशी, कणीक मळायला मुलांनाच बसव. एका भांड्यात यीस्ट घालून, दुसऱ्यात नुसतं पाणी-मीठ. तासाभराने दोन्ही दाखव. इस्राएली लोक मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, निघाले तेव्हा पीठ फुगायला वेळच नव्हता, म्हणून बेखमीर भाकर. आपली पोळी बेखमीरच की! मुलांना एवढं आश्चर्य वाटतं त्याचं.

मग परात, तांब्या, पंचा. येशूने शिष्यांचे पाय धुतले ते तू मुलांचे धू. आधी खिदळतात. "गुरूने शिष्याचे पाय धुवायचे? पेत्र नकोच म्हणाला," असं सांगितलं की गप्प होतात. आमच्याकडे एका वर्षी पाच वर्षांच्या नातवाने उठून आजोबांपुढे परात सरकवली. ह्यांच्या टाचांना भेगा. पोराने प्रत्येक भेगेवरून बोट फिरवून विचारलं, "इथे दुखतं?" त्या दिवशी मी पुढचं काही सांगितलंच नाही, गरज नव्हती.

शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, फडक्यात गुंडाळलेली बाहुली कुंडीत ठेवून दगड लावा. शनिवारी काहीही करायचं नाही. मुलं दहा वेळा विचारतील, "आता उघडू?" नाही म्हण. ती वाट बघणंच शिकवायचंय. शनिवारी अंडी दिलीस की गोष्ट गेली.

रविवारी, येशू पुन्हा उठला त्या दिवशी, तू आधी ऊठ. दगड बाजूला कर, बाहुली काढ, फडकं मात्र नीट गुंडाळून आतच ठेव. बायबलात योहानाने ते फडकं मुद्दाम लिहून ठेवलंय.

---

प्रेषक: नगरचे काका, स्लाऊ

ताईंनी उत्तम सांगितलं. माझ्या दोन-तीन गोष्टी.

रविवारी मुलीच्या हातात पुरचुंडी द्या. पहाटे कबरेकडे आधी बायका गेल्या, सुगंधी द्रव्यं घेऊन, आणि वाटेत त्यांना काळजी एकच: दगड कोण सरकवणार? लवंग, दालचिनी बांधा. हिराबोळ मिळाला तर फारच छान, कारण बायबलातला गंधरस तोच. मुलांना हुंगू द्या. वासाबरोबर गोष्ट राहते.

झावळ्यांच्या रविवारआधीच्या आठवड्यात जक्कय घ्या. यरुशलेमच्या वाटेवर यरीहो गावात घडलेली गोष्ट. बुटका जकातदार येशूला बघायला झाडावर चढतो, मराठी बायबलात उंबरावर. धाकट्याला खुर्चीवर उभं करा. जक्कय म्हणतो, अन्यायाने घेतलेलं चौपट परत करीन. खरी नाणी घ्या: तीन पेनी घेतल्या तर परत किती? माझे आजोबा हीच गोष्ट चिपळ्या घेऊन कीर्तनात सांगायचे. आमच्याकडे ती रीत जुनी आहे, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकही कीर्तनं करायचे. तुम्हीही गाऊन सांगा, चाल चुकली तरी चालेल.

शुक्रवारी सहा वर्षांच्या मुलाला खिळ्यांचं वर्णन नको. सात मेणबत्त्या लावा आणि गोष्ट पुढे जाईल तशी एकेक विझवा. अंधार पुरेसा बोलतो.

आणि कळकळीने सांगतो, "यहुद्यांनी मारलं" असं मुलांपुढे म्हणू नका. येशू, मरीया, पेत्र सगळे यहुदीच होते आणि वधस्तंभावर चढवलं रोमी सत्तेने. वल्हांडण, मिसरातून सुटकेचा यहुद्यांचा सण, आजही जिवंत आहे, आपल्या अलिबागकडचे बेने इस्रायल यहुदीही तो पाळतात. त्यांच्या विधींचं नाटक घरी करू नये. कणीक मळा, तेवढं पुरे.

---

प्रेषक: ग्रंथालय सांभाळणारी, कॉव्हेंट्री

मी ख्रिस्ती नाही, पण एक जोडावंसं वाटलं. वल्हांडण पौर्णिमेच्या सुमारास येतो, म्हणजे येशूला गेथशेमाने बागेत पकडलं त्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण असणार. यंदा तुमचा पवित्र गुरुवार २ एप्रिलला आणि आमची हनुमान जयंती, म्हणजे चैत्र पौर्णिमा, त्याच दिवशी. आकाश मोकळं असलं तर पाय धुऊन झाल्यावर मुलांना बाहेर न्या. शिष्य झोपले तेव्हा वर हाच चंद्र होता, एवढंच सांगा. मी पण माझ्या मुलीला घेऊन त्या वेळी अंगणात उभी राहीन.

हळीव माझ्याकडे भरपूर आहे, लाडवांसाठी भारतातून आणलेलं. पाडव्याच्या कार्यक्रमाला पुड्या बांधून आणते. कुणाकुणाला हवेत?

---

प्रेषक: दोन मुलांची आई, लेस्टर

मला दोन पुड्या ठेवा, ताई. दोघांनाही आपापली बाग हवी आहे.

मावशी, दगड सापडला. कालव्याकाठी तीन फेऱ्या झाल्या. धाकट्याने उचललेला थोरलीला पटला नाही: "हा तर कुणीही सरकवेल." शेवटी दोन्ही हातांनी धरावा लागतो असा आणलाय. धुऊन खिडकीत ठेवलाय, आता तेवढ्या तोंडाची कुंडी शोधते आहे.