मदत हवी आहे: पोरीची जन्मतारीख क्लासवाल्याला कुणी दिली?

उदगीरचा_बाप: आठ दिवस झाले, बायकोच्या मोबाईलवर लातूर-नांदेडच्या क्लासवाल्यांचे फोन यायलेत. पोरीचं नाव, तुकडी, सगळं पाठ. काल एकजण म्हणला, "जन्मतारीख बघितली, बारावीच्या साली सतरा भरतेत, नीटला अडचण नाही." तारीख कुणी दिली विचारलं तर फोन कट. मुख्याध्यापक म्हणतात, साधी माहिती आहे, त्यात काय एवढं. तक्रार कुठं करू? लवकर सांगा.

निवांत_नांदेड: कितवीला आहे? शाळा झेडपीची, अनुदानित का इंग्लिश मीडियम?

डीएनडी_भक्त: १९०९ वर डीएनडी लावा, विषय संपला.

उदगीरचा_बाप: फोन बंद करायचे नाहीत, माहिती कुणी दिली ते हुडकायचंय. दहावी, अनुदानित.

खडूफळा: मी स्वतः शिक्षक. सरळ न् यूडायस या सरकारी पोर्टलांवर पोरांची माहिती भरून डोळे जायलेत, याद्या वाटायला वेळ कुणाला? अपारच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या १२ अंकी ओळख क्रमांकाच्या, संमतीपत्रावर सही केलती का?

गोदाकाठ: अपारचा काय संबंध सर? क्लासवाल्याला त्या १२ अंकांचं काय लोणचं घालायचंय?

ह्यूस्टनहून_परभणीकर: अमेरिकेत यालाच डिरेक्टरी इन्फर्मेशन म्हणतात. नाव, पत्ता, जन्मतारीख. १९७४ च्या फेर्पा कायद्यानं शाळा ती देऊ शकते, पण आधी पालकांना कळवून, नको म्हणायची संधी देऊन.

गोदाकाठ: दादा, हे उदगीर आहे. इथं कळवायचं सोडा, विचारलं तरी सांगत नाहीत. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा १८ च्या आतल्यांसाठी पालकांची संमती मागतो, पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना तिथून १८ महिने. सध्या शाळेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

खडूफळा: दहावी आहे ना? मग शिक्षणाधिकारी माध्यमिक, जिल्हा परिषद, लातूर. अर्धवट सांगत जाऊ नका.

अर्जदार_बीड: अनुदानित म्हणजे माहिती अधिकार लागू. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा, विद्यार्थ्यांची यादी कुणाला दिली, जावक नोंद द्या. ३० दिवसांत उत्तर.

निवांत_नांदेड: यादी व्हॉट्सॲपवर जाते भाऊ, जावक नोंद कुठली! मला एक सांगा, पोरीनं क्लासची फुकट स्कॉलरशिप परीक्षा दिली का?

उदगीरचा_बाप: हो, दिवाळीनंतर. शाळेतच झाली.

खडूफळा: घ्या! हे आधी सांगायचं होतं. माहिती तुम्हीच दिली की मग.

उदगीरचा_बाप: सर, पोरीला आत्ता उठवून विचारलं. फॉर्मवर नाव, शाळा न् माझा नंबर, बास. जन्मतारखेचा रकानाच नव्हता. फोन येतात बायकोच्या नंबरवर, तो फक्त शाळेत दिलाय. आणि क्लासचा मेसेज बघितला तर आडनावातला एक काना गायब. तीच चूक शाळेच्या जनरल रजिस्टरला आहे, दोन वर्षं दुरुस्त होईना. आधारवर बरोबर आहे.

निवांत_नांदेड: मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, अर्जाला जोडा. आता मुख्याध्यापकांना "साधी माहिती" लेखी द्या म्हणावं.

खडूफळा: हं.

तेरचा_पाहुणा: आडनाव दुरुस्तीला काय काय कागदं लागतेत? आमच्या लेकराचं पण चुकलंय.